समुद्राकडे जाणारा रस्ता मलकापूरवरून

माझ्या साडूइतका खोळंबा करणारा माणूस साऱ्या बुलडाणा जिल्ह्यात झाला नसेल. तो गेला त्याला आता काही महिने झाले, पण माझा राग काही उतरत नाही. जिवंत होता तोवर मी त्याला अहोजाहो करत असे. आता करणार नाही. ज्या माणसाने खामगावहून कोकणात मोटारसायकलने जायचे बेत वर्षानुवर्षे केले, प्रत्येक वेळी मला कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा घ्यायला लावली आणि जो शेवटी समुद्र न बघताच निघून गेला, त्याला कसला मान द्यायचा?

त्याचं गाद्या-उशांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो गाद्यांच्या ढिगावर मांडी घालून बसायचा आणि मोबाइलवर घाटरस्त्यांचे व्हिडिओ बघायचा. नुसता बघायचा नाही, व्हिडिओतली गाडी डावीकडे वळली की हाही डावीकडे कलायचा, उजवीकडे वळली की उजवीकडे. एकदा एक माणूस लोडाचा भाव विचारत समोर उभा होता, तर याने त्याला हातानेच थोपवलं आणि म्हणाला, "थांब बे दोन मिनिटं, वळण हाये पुढं." वळण संपलं, मग लोडाचा भाव सांगितला. घाटाखाली उतरल्यावर झाडांच्या फटीतून समुद्र पहिल्यांदा दिसतो, ती जागा तो पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघायचा. "साडूभाऊ, इथं गाडी बंद करू. काही बोलायचं नाही. नुसतं पाहू," असं मला दर वेळी सांगायचा. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. समुद्राबद्दल मी वाचलं पुष्कळ होतं, पाहिला कधीच नव्हता. तेव्हा ती जागा माझ्याही डोक्यात बसली, हा त्याचाच गुन्हा.

गाडी जुनी, जड, दोन गल्ल्या आधी ऐकू येणारी. लांबच्या प्रवासात माझी पाठ दुखेल म्हणून त्याने मागची सीट स्वतः भरली. सावरीचा कापूस घेतला आणि एवढा ठासून भरला, की मी बसलो तर पाय पायदानापर्यंत पोचेनात. बाजारातून आम्ही निघालो तेव्हा लोक मला वरातीतल्या नवरदेवाकडे बघावं तसे बघत होते. मी चिडलो तर म्हणतो, "आता कापूस बसन हळूहळू. तुमी फक्त बसून राहा." कापूस काही बसला नाही.

पण त्याचा खरा रोग वेगळाच होता. प्रवासाला निघायचं तर आधी नातेवाइकांना सांगायला हवं, आणि तेही फोनवर नाही, घरी जाऊन. लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं, मानाच्या क्रमाने. पहिला मान थोरल्या बहिणीचा, ती मलकापूरला. मग बुलडाण्याचे मामा, चिखलीचा चुलतभाऊ, मेहकरची भाची, शेवटी सुलतानपूरची मावशी. मी म्हटलं, "अहो, फोन करा आणि मोकळे व्हा." तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी पुस्तकांची पानं फाडायला सांगितली होती. "फोनवर सांगतेत का असं? उद्या तिच्या गावावरून गाडी गेली अन् तिले माहीत नाही, तर अक्का जलमभर बोलन का माह्याशी?" मलकापूर कोकणाच्या वाटेवर नाहीच, हे मी नकाशा समोर ठेवून दाखवलं. तो म्हणाला, "नकाशाले बहीण नसते."

दिवाळीनंतर तो सांगायला निघायचा. मलकापूरला एक मुक्काम, बुलडाण्याला एक. एका वर्षी बाजारात चिखलीचा भाऊ आधी भेटला, त्याच्याशी बोलता बोलता कोकणाचा विषय निघून गेला. ते मलकापूरला कळलं. अक्काने दारात आलेल्या भावाला पाणीसुद्धा विचारलं नाही. "चिखलीवाल्याले पहिले सांगतं, अन् माही आठवण काऊन येईन मंग?" तिचा रुसवा निघेपर्यंत लग्नसराई जवळ आली, गाद्यांच्या ऑर्डरी पडल्या आणि कोकण पुढच्या वर्षावर गेलं. मी रजेचा अर्ज परत घेतला. ग्रंथालयातला शिपाईसुद्धा हसला.

मागच्या वर्षी मात्र आम्ही खरोखर निघालो. सांगून झालेल्या प्रत्येक घरी जाताना जेवायचं, असा शब्द त्याने आधीच देऊन ठेवला होता. म्हणून खामगावहून कोकणात जाणारे आम्ही आधी मलकापूरला पुरणपोळी खाल्ली, मग उलटे फिरून राजूर घाट चढलो, बुलडाण्याला राहिलो, चिखलीला वांग्याची भाजी आणि भाकर, मेहकरला परत पुरणपोळी. सुलतानपूरला पोचेपर्यंत मला अन्नाचा वासही नको झाला होता. पण मी गप्प होतो, कारण हे शेवटचं घर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं की पुढे नुसता रस्ता.

मावशीच्या घरी तिच्या नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं, परवाच्याच दिवशी. मावशी म्हणाली, "पोरीचं साक्षगंध टाकून तू समुंदर पाहाले जाशीन?" मी याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहीना. थोड्या वेळाने तो पाहुण्यांसाठी गाद्या किती लागतील ते विचारत होता, आणि संध्याकाळी खामगावहून टेम्पो मागवत होता. मी पिशवी उचलली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागलो. तो मागे धावत आला. "साडूभाऊ, रागावू नका न. कोकण कुठं पळून जाते का?"

"कोकण नाही पळत," मी म्हणालो, "रजा पळते, आणि वयही."

महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. मग एके दिवशी तो ग्रंथालयात आला, एक प्रवासवर्णन मागून घेतलं आणि वाचता येत नाही अशा अंतरावर डोळ्यांसमोर धरून माझ्यासमोर बसून राहिला. मला हसू आलं. त्याच्यावर नीट रागावताही येत नसे, हे आणखी एक.

या वर्षी दिवाळी झाली आणि तो परत सांगायला निघाला. एका दुपारी दारातून डोकावून म्हणाला, "मलकापूर झालं. आता बुलडाणा." मी पुस्तकांवर शिक्के मारत होतो, "बरं," एवढंच म्हणालो. संध्याकाळी घरी चहा पिता पिता तो खुर्चीतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला ते उत्तर पुरत नाही. एवढं ठणठणीत शरीर त्याने लोकांच्या अंगणात गाडी उभी करण्यात घालवलं.

तेरवीला सगळी घरं आली. जेवणं झाल्यावर सगळे ओसरीत बसलेले असताना मलकापूरचे भावजी, म्हणजे अक्काचे यजमान, सुस्कारा टाकून म्हणाले, "तसा फिरला म्हणा तो. साऱ्या जिल्ह्यात गाडी फिरवली. त्याची टूर झालीच म्हणायची." चार माना हलल्या. सगळ्यांना तेवढ्याने बरं वाटलं.

मी घरात किंवा बाहेर कधी आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढला. "नाही झाली! त्याला समुद्र बघायचा होता. तुमच्या पुरणपोळ्या नव्हत्या खायच्या. तुम्ही रुसाल म्हणून तो राहिला. सगळे रुसून बसलात आणि आता म्हणता, टूर झाली?"

अक्का तोंडाला पदर लावून रडू लागली. माझी बायको मला हाताला धरून बाहेर न्यायला उठली, पण तिची बहीण, म्हणजे ताई, त्याची बायको, भिंतीशी बसल्या जागेवरून म्हणाली, "बोलू दे त्याईले. कोणी तरी बोलाले पाह्यजेच होतं." मग मला म्हणाली, "भाऊजी, गाडी घेऊन जा. इथं उभी राह्यली तर मले सोसत नाही."

गेल्या आठवड्यात मी निघालो. कोणालाही सांगितलं नाही. मलकापूर नाही, बुलडाणा नाही, चिखली नाही. जानेफळवरून सरळ मेहकर, आणि मेहकरातही भाचीच्या गल्लीकडे मान वळवली नाही. सुलतानपूरही असंच मागे टाकायचं ठरवलं होतं. मावशीचं घर रस्त्यालगत आहे. ती अंगणात तूर पाखडत होती. मी दिसण्याआधी तिला गाडी ऐकू आली. सूप तसंच टाकून ती उठली, डोळ्यांवर हात धरून, हसत, फाटकापर्यंत आली.

मग तिला मी दिसलो.

गाडी बंद करावीच लागली. ती फाटकाला धरून उभी राहिली. मग तिने विचारलं, "कुठं चालले?"

"समुद्राकडे."

"कोणाले सांगतलं?"

"कोणालाच नाही."

"बरं केलं," ती म्हणाली. "सांगत बसला न तो." आणि पदराने सीटवरची धूळ पुसू लागली, पुढची आणि मागचीही. जेवायला थांबा म्हणाली नाही. मला वाटतं, माझ्या भीतीने म्हणाली नाही. शेवटी मीच म्हणालो, "मावशी, भाकर असेल तर द्या." तिने चुलीवरची गरम भाकर आणि ठेचा दिला. मी ओट्यावर बसून सावकाश जेवलो. ती समोर बसून राहिली.

सुलतानपूरच्या पुढे त्याच्या नात्यातलं एकही घर नाही. जालन्याला नाही, नगरला नाही, घाटाच्या अलीकडे नाही, पलीकडेही नाही. थेट समुद्रापर्यंत ज्याच्यासाठी थांबावं असं कोणी नव्हतं, आणि ज्याच्यावर चिडावं असंही कोणी नव्हतं. तरी गावाबाहेर आल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ तशीच चालू ठेवून उभा राहिलो.