रविवारी सकाळी सहा ते सात

रविवार, आठ डिसेंबर. सकाळी गारवा, दहानंतर कडक ऊन, वारा नाही.

आज सोसायटीची जनरल बॉडी झाली. घरी येऊन मागच्या वह्या काढल्या, तर एका हॉलचे एवढे किस्से निघाले की चहा गार झाला. विक्रोळीतल्या आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल, त्याची किल्ली आणि नोंदवही गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे परबबुवांचं भजनी मंडळ असतं आणि रविवारी सकाळी नलिनीताई. त्या एका लॅबमधून रिटायर झालेल्या. त्यांनी देवीच्या उपासनेची दीक्षा घेतलेली आहे. चार बायका घेऊन लाल कापडावरच्या यंत्रासमोर तासभर बसतात. आवाज नाही, टाळ नाही, प्रसादसुद्धा नाही!

लोकांना त्या प्रसाद न देण्याचाच जास्त संशय.

*

सुरुवातीची गोष्ट. एका रविवारी बुवा त्यांचा विसरलेला चष्मा शोधायला हॉलमध्ये गेले आणि धावत माझ्याकडे आले.

"लादीवर रगात हा!"

आम्ही दोघं गेलो. नलिनीताई पिशवी भरत होत्या. त्यांनी वाकून बोट लावलं, उजेडात धरलं.

"कुंकू आहे, बुवा. पस्तीस वर्षं रक्तच तपासलं मी. रिपोर्ट हवा का?"

*

एकदा बुवा गुडघ्याला टोचतं म्हणून कपाटातलं लाल लोकरी आसन घेऊन अख्खं भजन बसले. ते नलिनीताईंचं. अशा उपासनेत दुसऱ्याच्या आसनावर बसायचं नसतं. कोणीतरी हे सांगितल्यावर बुवांचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी सात वाजता हॉलच्या दारात उभे.

"ताई, माका काय होतला आता?"

"काही नाही हो. मी ते धुऊन घेईन. गुडघा कसा आहे?"

बुवांनी पाय हलवून पाहिला. "बरो हा."

पुढच्या शनिवारी बुवांसाठी तसंच एक आसन कपाटात होतं. निळं. नलिनीताईंनी आणून ठेवलेलं.

*

तरी बुवांना एक गोष्ट खटकायचीच. ताईंचा मंत्र काय, ते कोणाला ठाऊक नव्हतं. एकदा जिन्यात त्यांनी विचारलंच.

"आमचं सगळं माइकवर असतं. तुमच्या देवाचं एवढं गुपित कशाला?"

"घरी वहिनींशी काय बोलता ते माइकवर सांगता का?"

"मी खंय बोलतंय? मी नुसतो आयकतंय!"

*

पण ऑक्टोबरात गाडी बिघडली. मंडळाने भजन स्पर्धेत नाव दिलं, तालमीला रविवार सकाळ हवी झाली. बुवांनी सेक्रेटरी कांबळेंकडे लेखी अर्ज दिला: 'गुप्त प्रकारांना सोसायटीचा हॉल देऊ नये.' तो जनरल बॉडीचा ठराव क्रमांक चार झाला.

मी ताईंना म्हटलं, घरी बसा ना. त्या म्हणाल्या, "दीड खोलीत सात माणसं आणि एक टीव्ही. हॉल गेला तर माझं बसणं संपलं."

कांबळे म्हणाले, "मला दोघांचंही कळत नाही यार. जाताना पंखे बंद करा, एवढंच माझं म्हणणं आहे."

*

ठरावाची नोटीस लागली त्याच आठवड्यात बुवांचा घसा बसला. डॉक्टरांनी सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही म्हणून बजावलं. स्पर्धा बोंबलली. बुवांच्या गळ्यात नातीची पाटी आणि हातात टाळ!

त्या शनिवारी अभंग उचलायलाच कोणी नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत बसले. नलिनीताई उद्याची किल्ली घ्यायला आल्या होत्या. दारात चपला काढल्या, आत येऊन बसल्या आणि खणखणीत आवाजात पहिला अभंग उचलला. मागून दुसरा, तिसरा. सगळे पाठ!

पखवाजवाल्याने विचारलं, "ताई, तुम्ही तर त्या लाइनच्या ना?"

"माझे वडील माळकरी होते. दीक्षा घेतली म्हणून बाप बदलतो काय रे?"

बुवांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. मग कोणाला न दाखवता पुसलं.

*

आणि आजची सभा. ठराव एक ते तीन, पाणी, लिफ्ट, रंगकाम. मग कांबळेंनी पुकारलं, "ठराव चार. परबबुवा, मांडा."

नलिनीताई मागच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या.

बुवा उभे राहिले. सावकाश लिहिलं, पाटी वर धरली. कांबळेंनी मोठ्याने वाचलं: "रविवारी सकाळी हॉल देता येणार नाही. तिथे मी बसतो."

कांबळेंनी पाटीवरून नजर वर केली.

"कधीपासून?"

बुवांनी चार बोटं दाखवली. मी नोंदवही उघडली. ताईंच्या अक्षरात चार रविवार हजेरी पाचाऐवजी सहा. मी दर आठवड्याला खाली सही केलेली!

"अहो पण बुवा, तुम्ही तिथे करता काय?" कांबळेंनी विचारलं.

बुवांनी पाटी पुसली, बायकोकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं:

"घरी आयकतंय. थंय कोणच बोलणा नाय."

ठराव क्रमांक चार मांडणाऱ्याने मागे घेतला. हॉल रविवारी सकाळी सहा ते सात, पूर्वीप्रमाणे. सभा बारा वाजून दहा मिनिटांनी संपली. पंखे बंद केले.