टॅग फिके केले आणि कडवं सापडलं

वर्गमित्रांनो, दुपारपासून मन जाग्यावर नाही, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

आपल्या गुरुजींनी स्वतः रचलेल्या कविता फक्त माझ्या वहीत उरल्यात. त्या इंटरनेटवर टाकायला मी टाइप करतोय. प्रत्येक कडव्याला, ध्रुवपदाला टॅग, म्हणजे कंसातली इंग्रजी खूण, लावावा लागतो. पण टाइप करायच्या एडिटरमध्ये टॅग लालभडक आणि कविता फिकी करडी. माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना नुसते टॅगच दिसायचे. सोडूनच देणार होतो.

आज शुक्रवार पेठेतले शब्बीरभाई चहाला आले. त्यांनी जन्मभर टॉवेलचं सूत रंगवलंय. स्क्रीन बघून म्हणाले, "अण्णा, हे कुणी रंगवलं हो? जमीन भडक न् नक्षी फिकी. उलटं करा की."

मी सेटिंग उघडलं, ते रंग सांगत गेले. टॅग फिके राखाडी, कविता काळी, ध्रुवपद निळं. "अजून एक बुडी द्या," म्हणत तो निळा त्यांनी तीनदा गडद करायला लावला.

आणि वर्गात आपण चालीवर म्हणायचो ती कविता समोर उभी राहिली. प्रत्येक कडव्याखाली एक निळी ओळ. एका जागी मात्र दोन निळ्या ओळी लागोपाठ. मधलं कडवं कुठं गेलं?

वही काढली तर तिथली दोन पानं चिकटलेली. शब्बीरभाईंनी ती नखानं अलगद सोडवली. आत माझ्याच शाळकरी अक्षरात अख्खं कडवं होतं. चाल लावून दोनदा म्हटलं, चहा गार झाला.

इतकी वर्षं मी ती कविता चारच कडव्यांची म्हणत आलो. ते मधलं कडवं तुमच्यापैकी कुणाला आठवतंय? आधी तुम्ही म्हणून दाखवा, मग मी टाकतो.