सहीला ठेवलेले प्रश्न

“ती बोलती का ओ? का नुसतं टायपतीच?”

पाण्याच्या फिल्टरपाशी आमचे शिपाई मामा काउंटरच्या मॅडमना विचारत होते. मी जिन्याच्या वळणावर होते, हातात रिकामी बाटली.

“बोलती की,” मॅडम म्हणाल्या. “परवा दारात धक्का लागला, तर ‘सॉरी’ म्हणली.”

दोघंही हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं. तरी मी बाटली न भरताच वर गेले आणि दुपारच्या डब्यापर्यंत तहानलेली बसून राहिले.

विमा कंपनीच्या सोलापूरच्या शाखेत मला तेव्हा सात महिने झाले होते. आमचं काम पॉलिसी विकून झाल्यानंतरचं. पत्ता बदलायचा, नॉमिनी बदलायचा, कागद हरवला, नाव चुकलं, असली माणसं आमच्याकडे यायची. सुरुवातीला मला काउंटरवरच बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी पॉलिसीचे शेवटचे दोन आकडे सांगितले, “एकोणऐंशी,” आणि मी एकोणनव्वद लिहिलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा तेच लिहिलं. शेवटी मी हळूच विचारलं, “म्हणजे सेव्हंटी नाइन का?” मागची रांग हसली. आजोबाही हसले. “इंग्लिश शाळेतली दिसती,” असं कुणीतरी म्हणालं, आणि ते खरंच होतं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण पाढे आणि आकडे मी शाळेत इंग्रजीतच शिकले. त्या दिवसानंतर मी मागच्या टेबलावरचं कॉम्प्युटरचं काम मागून घेतलं आणि तोंड मिटलं.

तोंड मिटलं तरी प्रश्न संपत नव्हते. आमच्या ऑफिसात प्रश्न विचारायचा म्हणजे उठून कुणाच्या तरी टेबलापाशी जायचं, खुर्ची ओढायची, “जेवण झालं का,” म्हणायचं, मग विषय काढायचा. कोणतं काम कुणाला येतं हे ठरलेलं. तो माणूस रजेवर असला की ते कामही रजेवर. मला ते उठणं आणि खुर्ची ओढणं जमायचं नाही. म्हणून एका शनिवारी घरी बसून मी विभागीय कार्यालयाला मेल लिहिला: आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक आतला चर्चामंच असावा, कुणीही प्रश्न टाकावा, ज्याला येतं त्यानं उत्तर द्यावं, जिल्ह्यातल्या सगळ्या शाखांना दिसावं. उत्तर येणार नाही याची मला खात्री होती.

उत्तर आलं. ‘करा. एक महिना चालवून बघू. कामाचे प्रश्न आले नाहीत तर बंद करू.’

उद्घाटनाला मामांनी माझ्या टेबलासमोर नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं, मॉनिटरला कुंकू लागलं, पेढे वाटले गेले. शाखाधिकारी साहेबांनी भाषण केलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

पहिल्या दिवशी मंचावर चार गुलाब आले. दुसऱ्या दिवशी उगवता सूर्य आणि ‘शुभ सकाळ’. एकादशीला विठ्ठल. मी पानाचं नाव आधी इंग्रजीत दिलं होतं, ते बदलून मराठीत केलं. बटणांची नावं मराठीत केली. ‘तुमचा प्रश्न इथे लिहा’ या ओळीखाली पांढरी चौकट तशीच राहायची. रोज सकाळी मी तिथे जायचे आणि गुलाब मोजून परत यायचे.

महिना संपत आला तेव्हा एका शुक्रवारी चार वाजता विभागाच्या साहेबांची स्क्रीनवर मीटिंग होती. त्यात मंच ठेवायचा की नाही ते ठरणार होतं. मंच गेला असता तर माझी नोकरी गेली नसती. पण त्या ऑफिसात मला बोलता येईल अशी तेवढी एकच जागा होती, आणि ती मी स्वतःच्या हातानं बांधली होती.

त्या शुक्रवारी सकाळी अक्का आल्या. शहराच्या पूर्व भागातल्या, पन्नाशीच्या, विड्या वळणाऱ्या. त्यांच्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून वारलेल्या नवऱ्याचं नाव होतं. ते काढून मुलीचं घालायचं होतं. त्यासाठी यंत्रावर बोट ठेवून ओळख पटवावी लागते. त्यांची ही तिसरी खेप. अंगठा ठेवला, लाल दिवा. तर्जनी ठेवली, लाल दिवा. दहाही बोटं झाली. वर्षानुवर्षं पान आणि तंबाखू घासून त्यांच्या बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या. बोटं गुळगुळीत, चकचकीत दिसत होती.

काउंटरच्या मॅडमनी ओल्या फडक्यानं त्यांची बोटं पुसली, मग कोरड्यानं पुसली, मग ड्रॉवरमधली खोबरेल तेलाची बाटली काढली. लाल दिवाच.

“बोटं हितंच हायत की,” अक्का हात पुढे धरून म्हणाल्या. “मग मी कुटं गेले?”

रांगेत कुणी हसलं नाही.

“बसा अक्का, बघते मी,” असं म्हणून मॅडम उठून थेट माझ्या टेबलाशी आल्या. “ए बाळ, तुझ्या त्या मंचावर अजून उत्तर कसं नाही आलं गं? आठवडा झाला मला प्रश्न देऊन. बिडीवाल्या बायकांचा. चार तरी बायका परत पाठवल्या मी.”

मी स्क्रीनकडे पाहिलं. गुलाब, सूर्य, विठ्ठल.

“कुठे दिला?” मी विचारलं. त्या महिन्यातलं माझं बहुतेक ते सर्वांत मोठं वाक्य असेल.

“साहेबांकडे. सहीला.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मंच विभागाला दिसतो. विभागाकडे शाखेतून काहीही जायचं तर पत्र करायचं, ते साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवायचं, साहेब वाचणार, सही करणार, मग ते जाणार. तीस वर्षं असंच चाललं होतं. शुभेच्छांचं ठीक, पण प्रश्न म्हणजे कामकाज, तेव्हा त्याचंही पत्र केलं होतं. सगळ्यांनीच केलं होतं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब बाहेर फोनवर होते. ‘अवलोकनार्थ’ लिहिलेल्या ट्रेमध्ये, टाचणी लावून, नीट चौकोनी गठ्ठा होता. मी तो उचलला नाही, फक्त वाकून वरची पानं चाळली. ‘प्रति, चर्चामंच. विषय: ग्राहकाचा मोबाइल क्रमांक नातवाच्या नावे असणेबाबत. महोदय, ओटीपी नातवाकडे जातो. नातू पुण्यात असतो व दिवसा फोन उचलत नाही. तरी मार्गदर्शन व्हावे.’ त्याखाली: ‘मूळ पॉलिसी उंदराने कुरतडलेली असल्यास किती भाग शिल्लक असावा?’ काउंटरच्या मॅडमच्या पत्रावर साहेबांनी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘भाषा सौम्य करावी.’ त्यांनी ‘बायका रडकुंडीला येतात’ असं लिहिलं होतं.

कडेनं मोजली, एकूण चौदा पानं होती. तीन आठवडे मी रोज गुलाब मोजत होते आणि प्रश्न पंधरा पावलांवर सहीची वाट बघत बसले होते.

“काय गं?” साहेब दारात उभे होते. शांत, नीटनेटके गृहस्थ. सहा महिन्यांवर निवृत्ती होती आणि शेवटच्या दिवसांत आपल्या शाखेच्या नावानं वर काही वेडंवाकडं जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

मला म्हणायचं होतं की यांना सही नको. त्याऐवजी मी ट्रेकडे बोट दाखवलं.

“हां, ते. वर विचारून घेतो. आज मीटिंग आहे ना, परवानगी दिली की सगळे एकदम टाकू.”

परवानगी कोण देणार होतं? वरचे साहेब तर रिकामं पान बघून मंच बंद करणार होते.

मी परत येऊन खुर्चीत बसले. अक्का बाकावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. मी मंच उघडला आणि पांढऱ्या चौकटीत लिहिलं, मला जशी येते तशा मराठीत: ‘विडी वळणाऱ्या बायकांचे बोटांचे ठसे यंत्रावर येत नाहीत. आमच्या समोर एक बाई आत्ता बसल्या आहेत, तिसऱ्या वेळेस. काय करायचं? मला माहीत नाही.’ खाली माझं पूर्ण नाव आलं. ‘मला माहीत नाही’ हे चार तालुक्यांना दिसणार होतं, ते मी पुन्हा एकदा वाचलं. मग मी बटण दाबलं.

अकराव्या मिनिटाला अक्कलकोटहून उत्तर आलं. ‘मॅडम, आमच्याकडं दगड फोडणाऱ्यांचं हे रोजचंच आहे. डोळ्यांचं यंत्र वापरा. सगळ्या शाखांना पाठवलंय की मागच्या वर्षी. पांढरं खोकं, छोटं. तुमच्याकडं पण असणारच.’

मी मामांना ते वाचून दाखवलं. मामा एकदम उभे राहिले.

“पांढरं खोकं? आवो, त्याच्यावर मी कॅलेंडरं रचलीत की!”

स्टोअरमध्ये गेल्या वर्षीच्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्याखाली ते होतं. चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. खोक्याच्या पोचपावतीवर साहेबांची सही होती आणि ते उघडायला लागणारी पुढची सही कुणी मागितलीच नव्हती. मी यंत्र जोडलं. मॅडमनी अक्कांना समोर बसवलं. “हिकडं बघा. पापणी मिटू नका.” अक्कांनी डोळे इतके मोठे केले की मॅडमना हसू आलं. हिरवा दिवा लागला.

“झालं?” अक्कांनी विचारलं.

“झालं अक्का. सापडलात तुम्ही,” मॅडम म्हणाल्या.

अक्कांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले.

हे सगळं साहेब केबिनच्या काचेतून बघत होते. थोड्या वेळानं ते गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि खुर्ची ओढून बसले. “जेवण झालं का?” त्यांनी विचारलं. साडेअकरा वाजले होते. मग त्यांनी टाचणी काढली. “हे टाकून दे. नाव ज्याचं त्याचं.” ते उठले आणि पुन्हा बसले. “आणि सगळ्यात खालचं... ते पण टाक.”

सगळ्यात खालचं पत्र त्यांच्याच हस्ताक्षरातलं होतं. ‘ग्राहकाने मोबाइल अ‍ॅपवरून पाठविलेला अर्ज आपल्या संगणकावर नेमका कोठे दिसतो, हे मला अद्याप कळलेले नाही.’ सहीची जागा कोरी होती.

त्याचं उत्तर मला येत होतं. पण मी ते तिथे सांगितलं नाही. प्रश्न मंचावर टाकला आणि त्याखाली, सगळ्यांना दिसेल असं, चित्रासह उत्तर लिहिलं. दहा मिनिटांत करमाळ्याहून कुणीतरी लिहिलं, ‘बरं झालं विचारलंत साहेब, आम्हालाही माहीत नव्हतं.’ साहेब ते तीनदा वाचून गेले.

त्यानंतर बांध फुटला. आमच्या चौदा पानांना उत्तरं येऊ लागली, आणि ती बघून बार्शी, पंढरपूर, करमाळा स्वतःचे प्रश्न टाकू लागले. त्यांच्याही ट्रेमध्ये गठ्ठे होते, हे मला नंतर कळलं. उंदराचं उत्तर असं होतं की पॉलिसी क्रमांक शाबूत असेल तर उरलेलं उंदराला माफ. डब्याच्या वेळी मॅडमनी माझ्या पोळीवर न विचारता शेंगाचटणी वाढली आणि म्हणाल्या, “पहिला प्रश्न तूच टाकलास होय? नाव घालून?” मामांनी माझी बाटली भरून आणून ठेवली होती.

मंच बंद झाला नाही, हे इथेच सांगून टाकते. तो आजही चालू आहे, इतर जिल्ह्यांनीही तो मागून घेतला, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी त्यावर एक तरी प्रश्न टाकायला लावतात. साहेब निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी त्यावर एक गुलाब टाकला. तो मी काढला नाही. पण मला आठवते ती त्या शुक्रवारची चारची मीटिंग.

आम्ही सगळे एका स्क्रीनसमोर बसलो होतो. विभागाचे साहेब मंच खालीवर सरकवत होते, ते आम्हाला दिसत होतं. त्यांच्या कपाळाला आठी होती. “चांगलं आहे,” ते म्हणाले, “पण हे सगळं मंजूर कोण करतंय? सोलापूरमधून इतके प्रश्न गेले, कुणाच्या सहीनं?”

आमचे साहेब खुर्चीचे हात धरून उठायला लागले, आणि त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसला. सहा महिने राहिले होते त्यांचे.

मला इंग्रजीत उत्तर सुचलं होतं, अगदी गुळगुळीत. शाळेत असल्या उत्तरांवर बक्षिसं मिळवली होती मी. पण शेजारी काउंटरच्या मॅडम होत्या, दारात चहाचे कप घेऊन मामा थांबले होते, आणि स्क्रीनवरच्या चौकटीत अक्कलकोट होतं, करमाळा होतं. मी मनात आकडा जुळवला. आधी इंग्रजीत, मग सावकाश मराठीत. तो बरोबर आहे याची दोनदा खात्री केली आणि साहेबांच्या आधी उभी राहिले.

“कुणाच्याच नाही, सर,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. “पहिला प्रश्न मी टाकला, कुणाला न विचारता. सकाळपासून सगळ्या शाखांचे मिळून एकोणतीस झालेत, आणि एकावरही सही नाही.”