परत न गेलेल्या तागड्या

आमच्या मळमड्डीच्या किराणा दुकानातला तोलारी डाळ तोलून झाली की वर चिमूटभर टाकी आणि म्हणे, "असू दे, अण्णा." मालकाची अशी बरीच दुकानं होती. मंदीमुळं नोकर कमी करणार, एवढंच कानावर होतं.

एरवी खंडेनवमीला ज्या त्या दुकानात तागडीची पूजा व्हायची. त्या वर्षी मालकानं सगळ्या तागड्या तोलाऱ्यांसकट हुबळीच्या मोठ्या दुकानात मागवल्या. आमच्या तोलाऱ्याबरोबर मीही गेलो. सनई होती, एकजुटीवर भाषणही झालं.

"किती जणांना काढतील?" मी तोलाऱ्याला हळूच विचारलं.

"किती तागड्या परत जातात, बघा की."

पूजा आटोपल्यावर त्यानं आपली तागडी उचलली.

"राहू दे इथंच," मालकाचे दिवाणजी म्हणाले.

त्यानं ती खाली ठेवली आणि साखळ्यांचा गुंता सोडवला. मागं उभ्या तोलाऱ्यांपैकी कुणीच मग आपली तागडी घ्यायला हात पुढं केला नाही.