शेषेराव सरांचं दोन रंगांचं डोकं

भूकंपानंतर चार-पाच वर्षांत लातूरला गल्लोगल्ली क्लासेस निघाले. लोह्याच्या शाळेतून निवृत्त झालेले शेषेराव सरही तिथं गणित शिकवायला आले. क्लास त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याचा, आलोकचा. "सर, पोरांना जरा तरुण मास्तर लागतात," तो चाचरत म्हणाला. म्हणून सरांनी आयुष्यात पहिल्यांदा केसांना कलप लावला. मिशीलाही.

काही महिने बरे गेले. मग स्वस्तातल्या कलपानं गुण दाखवले. केस मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे तांबूस अन् राठ झाले, कंगव्यात तुटून येऊ लागले, टाळूची आग होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, कलप बंद. सरांनी बंद केला. तेव्हा मुळाशी बोटभर पांढरं अन् वर तांबडं, असं पीक उगवलं. मिशी तर बघवेना, ती त्यांनी एका सकाळी उडवूनच टाकली. मिशीकडं कोण बघतंय, असं त्यांना वाटलं.

"डोकंबी चकोट करा अन् मोकळे व्हा," बायको, तारामती म्हणाली.

"अगं, बाबा हायत की अजून माझे."

तारामतीनं जीभ चावली. बाप जिवंत असताना कोणी गोटा करतं का? मग एकच उरलं, नवे केस वाढू द्यायचे अन् तांबडे शेंडे थोडे थोडे कापत जायचं. पण तोवर पोरांपुढं उभं कसं राहायचं? पोरं एकदा हसली की वर्ग हातातून गेला, अन् वर्ग गेला की आपण घरी भाजी निवडायला, ही सरांची धास्ती. शेवटी त्यांनी एक पांढरी टोपी आणली अन् कानांपर्यंत ओढून क्लासला गेले.

वर्गात एवढी शांतता त्यांनी कधी पाहिली नव्हती. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान खाली घालून लिहीत होती. आलोकनं तर खांद्यावर हात ठेवला, "सर, दोन दिवस घरी राहिलात तरी चालेल." सरांना वाटलं, टोपीचा वचकच वेगळा.

रविवारी आलोक पाच-सहा पोरं घेऊन सरांच्या घरी आला. सर न्हाणीत होते. दारात खुर्चीवर त्यांचे वडील उद्धवराव बसलेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मुखेडहून आले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. आलोकनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"आजोबा, सर आहेत का? फार वाईट झालं."

"काय झालं?"

"सरांचे वडील गेले ना."

म्हाताऱ्यानं डोळ्यावरची पट्टी सारखी केली. "कवा?"

"सर कुठं सांगतात. मिशी काढलेली, डोक्यावर टोपी, आम्हीच काय ते ओळखलं."

"बरा व्हता का माणूस?"

"देवमाणूस. सर नेहमी म्हणायचे."

"मला तर तोंडावर कधी म्हणला न्हाई," उद्धवराव म्हणाले अन् आत हाक दिली, "शेषा, भाईर ये. माझ्या मयतीला माणसं आल्यात. तारामतीला च्या टाकायला सांग."

सर तसेच ओल्या डोक्यानं बाहेर आले. टोपी खुंटीवर राहिल्याचं त्यांना उशिरा कळलं. पोरं डोक्याकडंच बघत राहिली.

"कलपानं झालंय," सर म्हणाले. "वाढेपर्यंत असंच राहणार."

एक पोरगं फिसकन हसलं. मग सगळीच हसली. उद्धवराव पट्टीवर हात दाबून हसले. आलोक तेवढा हसला नाही. "राहू द्या सर पांढरे," तो पुटपुटला.

सोमवारी सर बोडक्या डोक्यानं वर्गात गेले. वर्ग हसला. सर पाठ फिरवून फळ्यावर उदाहरण सोडवू लागले. पाठीमागून डोकं आणखीच वाईट दिसत असणार, हे त्यांना ठाऊक होतं. हसणं काही थांबेना. सर लिहीत राहिले.

"सर, तिसऱ्या ओळीत वजा पाहिजे," मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं.

सरांनी पाहिलं. खरंच चुकलं होतं. वळून बघितलं तर सगळा वर्ग माना उंच करून ती ओळ शोधत होता. सरांनी ती पुसली अन् म्हणाले, "आता पुढची कोण सांगतं?"