परवान्याची डबी

बहरीनला, मनामाच्या बाजारात भज्यांची गाडी लावायची तर आधी आपला मैला डबीत भरून दवाखान्यात नेऊन द्यावा लागतो, हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी त्या फंदातच पडलो नसतो. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. सलमाबादच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी आणि माझा मेव्हणा वेल्डिंग करायचो, ते बंद पडायच्या बेतात होतं. गावी जाऊन भावांच्या तोंडाकडे बघत बसायची माझी तयारी नव्हती. बाब अल बहरीनच्या कमानीमागच्या गल्ल्यांत सुट्टीच्या दिवशी आपली माणसं नुसती रेटारेटी करतात, तिथे भजी आणि चहा हमखास खपणार. परवाना मिळाला तर राहायचं, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आमचा व्हिसा ज्याच्या नावावर होता तो अरबाब भला माणूस. अर्ज त्यानेच आपल्या नावाने केला. पण कचेरीच्या खेपा माझ्या गळ्यात पडल्या. खिडकीतला कारकून दात कोरत बसायचा, कोरून निघालेलं निरखून बघायचा आणि त्याच बोटांनी माझे कागद चाळायचा. मग बुकरा, इंशाल्ला, म्हणजे उद्या बघू, म्हणून ते परत सरकवायचा. मी ते दोन बोटांत धरून खोलीवर आणायचो. शेवटी एकदा त्याने सांगितलं की गाडीवर उभ्या राहणाऱ्या दोघांचीही आरोग्य कार्डं लागतील, आणि त्यासाठी तपासणी. दवाखान्यातून दोन रिकाम्या डब्या मिळाल्या.

माझा मेव्हणा स्वच्छतेचा पुतळा. दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावायचा नाही. त्याच्या टॉवेलला चुकून कुणी हात पुसले तर दिवसभर धुसफुसायचा. डबी हातात घेतल्यापासून त्याचं तोंड वाकडं झालं होतं. मला काही मजा वाटत होती असं नाही. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दिली एकदाची नेऊन, आणि त्यानेही आपली दिली.

माझं कार्ड आलं. त्याचं आलं नाही. दवाखान्यातल्या माणसाने हिंदीत समजावलं की याच्या पोटात टायफॉइडचे जंतू आहेत. याने औषध घ्यायचं आणि खाण्याच्या पदार्थाला हात लावायचा नाही. मेव्हणा पांढराफटक पडला. बाहेर आल्यावर मला बाजूला ओढून म्हणाला, “दाजी, ते माझं न्हवतंच. मला त्या डबीची शिसारी आली. मी मामांकडनं भरून घेतली.”

मामा म्हणजे आमच्या खोलीचे स्वयंपाकी. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना ठेवलं होतं. मायाळू माणूस. हाताला चव अशी की बाजूच्या खोलीतली पोरं वाटी घेऊन दारात यायची. कोशिंबीर हाताने कालवायचे, मीठ बघायला बोट बुडवायचे, ते चाटायचे आणि पुन्हा बुडवायचे. हे आम्ही रोज बघत होतो आणि कौतुकाने बघत होतो. आदल्या उन्हाळ्यात खोलीतले दोघे तापाने फणफणले, तेव्हा आम्ही टाकीच्या पाण्याला नावं ठेवली होती.

मेव्हणा म्हणत होता की मामांना काही बोलू नका, बिचारे हाय खातील. मी ऐकलं नाही. खोलीवर गेलो तेव्हा सगळे जेवायला बसत होते. मी दारातच उभा राहून, सगळ्यांसमोर, काय निघालं ते सांगितलं.

मामांनी वरणातली पळी काढून ताटलीत ठेवली. मला वाटलं होतं, हादरतील. ते शांतपणे म्हणाले, “म्हंजे अजून गेलं न्हाई तर.”

त्यांना आधीच्या हॉटेलातून त्याच कारणासाठी काढलेलं होतं. गावी औषध घेऊन ते पुन्हा आले होते. बरं झालंय की नाही हे कळायला हवं होतं, पण आपल्या नावाने तपासून घ्यायची छाती नव्हती. मेव्हण्याने डबी पुढे केली तेव्हा त्यांना आयतीच सोय झाली.

“आम्हाला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर दारात तरी उभं केलं असतं का तुमी?”

मी इतरांकडे बघितलं. दिवसभर राबून आल्यावर चूल कोण पेटवणार, एवढाच विचार त्यांच्या तोंडावर मला दिसत होता. मग एकाने ताट पुढे ओढलं आणि वरण वाढायला सांगितलं. त्याच्या पाठोपाठ सगळ्यांनी ओढलं. जंतूंपेक्षा मला त्या ताटं ओढण्याचीच जास्त किळस आली. मी बाहेर जाऊन खुबूस, म्हणजे तिकडची भट्टीतली रोटी, घेतला आणि कोरडाच चावत बसलो. पुढे रोज तेच खाल्लं.

मेव्हण्याने फेरतपासणीसाठी, नाक दाबून का होईना, स्वतःची डबी दिली. त्याचं कार्ड आलं आणि मागोमाग परवाना आला. ज्यासाठी इतका जीव टाकला तो कागद अखेर माझ्या हातात होता. मेव्हणा खुशीत येऊन बेत सांगू लागला.

“भजी तुमी तळा, च्या मी बघतो. चटणी तेवढी मामांच्या हातची ठेवू. खोलीवरच वाटून देतील. त्यांना कुठं गाडीवर हुबं ऱ्हायचंय?”

टॉवेलसाठी धुसफुसणारा हाच माणूस. मी खूप समजावलं, भांडलो. त्याच्या मते खायचं काही आपल्याला नव्हतं. तेव्हा मी सरळ कचेरीत गेलो आणि कारकुनाला सांगितलं की चटणी करणारा तिसरा माणूस आजारी आहे, त्याला तपासा. त्याने दात कोरायचं थांबवून विचारलं, गाडीवर दोघे आणि कार्डं दोन ना? मी हो म्हटलं. “खलास,” तो म्हणाला.

मी परवाना आणि माझं कार्ड अरबाबच्या हातात दिलं आणि परतीच्या तयारीला लागलो. बायकोच्या भावाशी बोलणं टाकलं, ते आजतागायत.

निघण्याआधी एका शुक्रवारी त्या गल्लीतून गेलो. गाडी लागली होती. तळायला माझ्या कार्डावर भलताच कुणी उभा होता. मेव्हणा पांढराशुभ्र टॉवेल खांद्यावर टाकून कपबशा धूत होता. गर्दी ओळखीच्या चेहऱ्यांचीच होती. लोक चटणी पुन्हा पुन्हा मागून घेत होते आणि बोटं चाटत होते.