वाऱ्याच्या बाजूची पिल्लं

"निवड चालू आहे. मध्ये पडायचं नाही," असं म्हणून सर चष्मा कपाळावर चढवायचे. भोरच्या स्टँडवर एसटीत शिरायला हाणामारी चालली असली तरी हेच, आणि लग्नाच्या पंगतीत जिलेबी शेवटच्या पानापर्यंत पोचली नाही तरी हेच.

सर आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे; निवड म्हणजे डार्विनची, निसर्ग करतो ती. त्यांनी जन्मात कुणाला वरचे मार्क देऊन पास केलं नाही. मला दोनदा नापास केलं आणि निवृत्तीनंतर माझ्याकडे मोटारसायकल आहे हे कळताच मोठ्या मनाने आपला सहायक करून घेतलं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. उपकार आपण करायचे आणि आभारही आपणच मानायचे.

पावसाळ्यात आम्ही पक्षी बघायला आंबवड्याला जायचो, तिथल्या एक शेतकरीण, आक्का, यांच्या विहिरीवर. काठच्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची घरटी लटकलेली असत, बहुतेक पूर्वेच्या अंगाला. आमच्याकडे पाऊसवारा पश्चिमेकडून येतो, म्हणून ती आडोशाची बाजू. थोडी घरटी मात्र पश्चिमेला, थेट वाऱ्याच्या तोंडी. मागच्या बाकाकडे पाहावं तसं सर त्यांच्याकडे पाहायचे.

"मोठं वादळ आलं की ही गळणार," ते म्हणायचे. "आडोसा धरणाऱ्यांची पिल्लं उरणार, आणि ती पुढे आडोसाच धरणार."

मग एका श्रावणात रात्रभर असं वादळ झालं की आक्कांच्या गोठ्याचे पत्रे शेजारच्या खाचरात जाऊन पडले. सकाळी आम्ही पोचलो. पूर्वेची घरटी जागच्या जागी होती, पश्चिमेची सगळी चिखलात. सरांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं होतं. मी त्यांचं अभिनंदन करणार, तेवढ्यात एका चेपलेल्या घरट्यातून बारीक चिवचिव ऐकू आली.

"निवड..." सर म्हणाले आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढून घरट्यात डोकावले.

"जित्ती हायेत न्हवं?" आक्का म्हणाल्या. "मग बगताय काय? उचला की!"

सरांनी उचललं. सुतळीनं घरटं परत फांदीला बांधलं, तेही पूर्वेच्या बाजूला. म्हणजे नापासांना वर कॉपीही करू दिली. पण आई काही फिरकली नाही. मग सरांनी पिल्लांसकट आक्कांच्या पडवीत मुक्कामच ठोकला. सत्तरीचे सर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावर छत्रीनं नाकतोडे पकडताना अख्ख्या आंबवड्यानं पाहिले. कुणीतरी विचारलंसुद्धा, "सर, तळून खायाचं का?"

पिल्लं एकेक करून जात राहिली. एक गेलं की त्या दिवशी सर जेवत नसत. शेवटी एकच उरलं. "एवढं एक जगायला हवं रे," ते मला म्हणाले. या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदाच गयावया करताना ऐकत होतो. मला त्यांची थट्टा करायची होती, पण जमलं नाही.

ते जगलं. एका दुपारी पडवीतून उडून थेट बाभळीवर जाऊन बसलं.

"शास्त्राच्या दृष्टीनं हे साफ चूक झालं," नाक शिंकरत सर म्हणाले.

"व्हय, नापासाला वर ढाकललं तुमी," आक्का म्हणाल्या. सर मोठ्यानं हसले.

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. त्यानंतर मी तिकडे जाणं टाळलं. एकट्यानं जाऊन करायचं काय? वर्षानं, ऐन पावसात, आक्कांचा फोन आला. "या की हिकडं. वाऱ्याच्या अंगाला एक पाखरू घरटं इनतंय."

मी गेलो. पश्चिमेच्या फांदीवर पिवळ्या डोक्याचा एक नर हेलकावे खात गवताचं पातं ओवत होता. वारा पातं उडवून न्यायचा, तो पुन्हा आणायचा.

"त्योच असंल का वं?" आक्कांनी विचारलं.

असं म्हणायला आधार काहीच नव्हता. सगळे सुगरण पक्षी सारखेच दिसतात. सर असते तर पुरावा मागून त्यांनी मला तिथल्या तिथं झापलं असतं. ते झापणं ऐकायला मी त्या क्षणी काहीही दिलं असतं.

"तोच," मी म्हणालो.